एक पडल्याशिवाय झोपायचं नाही

लिंडन फोर्ज, इंडियाना
१६ जानेवारी, गुरुवार

ग्रेडी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. एका परीने बरंच झालं. फोनवर मी भांडते, कागदावर जरा बरी वागते.

परवा शनिवारी तू येतोयस. येतोयस म्हणजे पाहुण्यांच्या बसमधून, अंगात अ‍ॅशबीचा हिरवा सदरा घालून. एप्रिलमध्ये तू विद्यापीठ बदललंस तेव्हा मी तुला जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. उरलेलं निम्मं मला अजून खरं वाटतं. ओडेल हॉलपासून चार गल्ल्यांवर वाढलेला मुलगा, ज्याला मी मांडीवर घेऊन नऊ नंबरच्या गॅलरीत बसायचे, तो अ‍ॅशबीकडून बास्केटबॉल खेळणार हे माझ्या घशाखाली उतरत नाही. इथे तुला बाकावर बसवून ठेवलं होतं, कळतं मला. पण बाकावर बसलेला माणूस निदान आपल्या गावात तरी असतो. असो. भांडायचं नाही असं ठरवून बसलेय.

गावाची तऱ्हा तुला माहीत आहेच. सोमवारपासून हॉलच्या दारात तंबू लागलेत. पोरांच्या नाकांचे शेंडे लाल झालेत, अभ्यासाची पुस्तकं उशाला आहेत, आणि पुढच्या रांगेसाठी भांडणं चालू आहेत. आज दुपारी मी नेहमीसारखं चिलीचं पातेलं घेऊन गेले. खिमा भरपूर, घेवडा बेताचा, आणि सोबत पीनट बटरची सँडविच. पातेलं बघता बघता खरवडलं गेलं. त्यांची म्होरकी आता टेसा नावाची मुलगी आहे. हातात पांढरा फळा घेऊन पहिल्या रांगेत उभी असते ना, ती. त्यावर लिहून ती जे वर करते ते सगळी गॅलरी ओरडते. चुणचुणीत आहे.

तुझ्याबद्दल विचारत होते सगळे. मी काही सांगितलं नाही. म्हणजे चांगलंच सांगितलं. लहानपणी किती गोड होतास वगैरे.

ऑर्व्हिल अजून माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसतो. न्हाव्याचं दुकान बंद केलं, पण जीभ चालूच आहे. म्हणतो, "त्या फितुराचं जावळ मी काढलंय. तेव्हाच एखादा कान काढून ठेवायला हवा होता." मनाने वाईट नाही तो.

तुझी हॅना कुठे दिसली नाही. बिचारीने आता बसायचं तरी कुठल्या बाजूला? सामना झाल्यावर तिला घेऊन जेवायला ये. बस थांबवून ठेव म्हणावं तुमच्या प्रशिक्षकांना. गॅरेजवरची रिंग अजून आहे, जाळी नवीन लावलीय.

तुझी,
लॉरेटा मावशी


१९ जानेवारी, रविवार

ग्रेडी,

काल मी पाहुण्यांच्या दारापाशी उभी होते. तू टोपी डोळ्यांवर ओढून बसमध्ये चढलास. मी हाक मारली. तू ऐकली नसशील असं धरून चालते.

काय लिहू? सकाळपासून गाव नुसतं हॉलकडे वाहत होतं. मेथडिस्ट चर्चच्या अंगणात गाड्या, शाळेच्या मैदानात गाड्या, लोकांच्या हिरवळीवर गाड्या. हॉलमध्ये तोच वास, पॉपकॉर्नचा आणि ओल्या लोकरीचा. दार उघडून तो वास आला की मला दर वेळी आमचे वडील आठवतात, त्यांच्याच तर या दोन खुर्च्या. बँडवाले फुंकून फुंकून तांबडे झाले होते. आपल्या संघाचा बगळा, म्हणजे ते सोंग घेतलेला पोरगा, पंख फडफडवत खालच्या बाकांवरून पळत होता आणि एकदा पडलासुद्धा. तुमची नावं पुकारली तेव्हा तुमच्याकडे बघायचंसुद्धा नाही म्हणून पोरांनी रीतीप्रमाणे पेपर उघडून तोंडासमोर धरले. तुझ्या नावाला मात्र पेपर खाली आले आणि अशी हुर्यो उठली की लाकडी बाक थरथरायला लागले. मी ओरडले नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. मफलर नीट करत बसले.

तू सुंदर खेळलास. हे मला कुणाकडून ऐकायला नको, मला दिसतं. दुसऱ्या सत्रात तू डावीकडून घुसून टाकलेला तो चेंडू बघून ऑर्व्हिल म्हणाला, "हा पोरगा आपल्याकडे असता ना, लॉरेटा..."

"होता की."

"हो. बाकावर."

आणि मग ते शेवटचं. आम्ही एका गुणाने पुढे, घड्याळात जेमतेम चार सेकंद उरलेले, आणि तुला धक्का लागला. दोन फ्री थ्रो, कुणी न अडवता रेषेवरून टाकायचे. एक पडला तर बरोबरी, दोन पडले तर आमचा खेळ खलास. तू रेषेवर आलास. चेंडू तीनदा आपटलास. नेहमी अशा वेळी पोरं थयथयाट करतात, फुगे हलवतात. काल टेसाने फळा वर केला आणि सगळी गॅलरी एकदम चूप झाली. ओडेल हॉल इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. तुझे ओठ नेहमीसारखे हलणार तेवढ्यात ती सगळी पोरं एका सुरात, लाडात येऊन म्हणाली, "गुड नाईट, बाबा."

तू मान वर करून बघितलंस. तो चेहरा मी बघितला, ग्रेडी.

पहिला रिंगला लागून उडाला. दुसऱ्या वेळी तर सगळा हॉल म्हणाला, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे. दुसरा रिंगपर्यंत पोचलासुद्धा नाही. मी तेव्हा खाली वाकले होते, पर्स सरकून खुर्चीखाली गेली होती, ती शोधत होते.

त्यांना हे कसं कळलं देवाला ठाऊक. आजकाल पोरं कुठून काय उकरून काढतील याचा नेम नाही. त्यांना अर्थ माहीत नसणार एवढं नक्की.

मनावर घेऊ नकोस. जेवण गार झालं. मी डबा भरून ठेवलाय, फ्रीजमध्ये राहील.

तुझी,
लॉरेटा मावशी


२८ जानेवारी, मंगळवार

ग्रेडी,

काल नॅडीनचा फोन आला. तुझ्या आईचं आणि माझं एरवी हवापाण्यापलीकडे बोलणं जात नाही. अ‍ॅरिझोनात ऊन आणि इथे बर्फ, विषय संपला. काल मात्र ती रडत होती. म्हणाली, तू हॅनाशी संबंध तोडलास.

तू आईला म्हणालास म्हणे, की रेषेवर मी काय पुटपुटतो ते जगात दोघींनाच माहीत होतं. हॅनाला आणि मावशीला. "आणि मावशी असं मेली तरी करणार नाही."

तुझा माझ्यावर एवढा विश्वास आहे हे ऐकून बरं वाटलं, असं मी इथे लिहायला पाहिजे.

हॅना तरी काय म्हणते? तिने कबूल केलं का? नॅडीन म्हणाली, ती नाहीही म्हणाली नाही आणि होही म्हणाली नाही, नुसती ऐकून घेत राहिली. आता यात मी काय बोलणार? तरुण मुलींच्या तोंडून जातं निघून कधी कधी, मैत्रिणींत बसल्यावर. मुद्दाम केलं असेल असं नाही. तू तिला थोडा वेळ दे. किंवा नको देऊस. तुझं तू बघ. मी म्हातारी यात पडत नाही.

गेल्या बुधवारच्या सामन्याला मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल पॉपकॉर्नची पिशवी घेऊन दारात हजर.

"आली का नाहीस?"

"गुडघा दुखतोय."

"तुझा गुडघा मी दाढ्या करायला लागलो तेव्हापासून दुखतोय. तरी यायचीस." मग पायरीवरूनच त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "लॉरेटा, काही सांगायचंय का?"

"बर्फ झाडून आत ये, नाहीतर दार लाव," मी म्हणाले. त्याने दार लावलं, बाहेरून.

पत्र लिहायला घेतलं तेव्हा बरंच काही लिहायचं होतं. आता सुचत नाही.

लॉरेटा मावशी


७ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रेडी,

हे पत्र बसून वाच. मागची तीन फाडून टाकलीस तरी चालेल, हे ठेव.

काल दुपारी हॅना आली होती. अंगात तोच जाड निळा कोट, मफलर नाकापर्यंत. मला वाटलं तुझ्या वस्तू परत करायला आली असेल. तिने पिशवीतून माझा डाव काढला. चिली वाढायचा, लांब दांड्याचा. मी तो घरभर शोधत होते.

"हा तुमचा, मावशी. त्या दिवशी तंबूपाशी राहिला होता."

डाव हातात घेतला. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले.

"तू होतीस तिथे?"

"तुमच्या मागेच. वाटी घेऊन उभी होते."

त्या थंडीत सगळी पोरं सारखीच दिसतात रे. टोप्या, मफलर, वर आलेली वाफ. मी बघितलंसुद्धा नाही मागे कोण आहे.

"मग ऐकलंस तू."

"सगळं."

"आणि तो तुला एवढं बोलला तरी सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. जिभेवर आलं होतं." ती उभीच होती, बस म्हटलं तरी बसली नाही. "पण त्याला मैत्रीण दुसरी मिळेल, मावशी. बाबा गेले. आई तिकडे लांब. गावात त्याचं तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्हीही गेलात तर तो यायचं म्हणून कुणाकडे येणार?"

मी डाव टेबलावर ठेवला.

"मला वाटलं तुम्ही स्वतःच सांगाल," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगतील."

"मग आज का आलीस?"

"डाव द्यायला," एवढं म्हणून ती गेली. चहासुद्धा घेतला नाही.

तर ऐक. मी सांगितलं. हॅना नाही, मी.

कसं झालं ते सांगते, पण ते सांगितल्याने ते कमी होत नाही हे मला कळतं. तुला माहीत आहे, या गावाची खोडच आहे ती. पाहुण्यांच्या पोरांची उणीदुणी शोधायची आणि तंबूवाल्यांना पुरवायची. कुणाचं लाडाचं नाव, कुणाचा मोडलेला साखरपुडा. यात माझा हात कुणी धरत नाही. वर्षानुवर्षं मी चिलीबरोबर हेही वाढत आलेय, आणि पोरं माझी वाट बघतात ती नुसत्या खिम्यासाठी नाही. त्यातलं प्रत्येक पोर कुणाचं तरी असणार, हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नाही.

त्या गुरुवारी, चिली वाढताना, टेसा म्हणाली, "लॉरेटा आजी, यंदा तुम्ही कामाच्या नाही. पाहुणा तुमच्या घरचा निघाला."

सगळे हसले. मला ते लागलं. "घरचा आहे म्हणून तर तुम्हाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

"बघू बरं. सांगा, तो रेषेवर काय पुटपुटतो? टीव्हीवाल्यांनाही कळलं नाही अजून."

आणि मी सांगितलं. त्या पत्रात मी तुला लिहिलं की चांगलंच सांगितलं. मी म्हणाले, "तो बाबांना गुड नाईट म्हणतो. अजून. एवढा घोडा झाला तरी." टेसा हसली, मागचे हसले, आणि मला बरं वाटलं.

तुझा बाबा डेल आता जिवंत नाही हे मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. ते सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं, आणि मला ती पोरं हसायला हवी होती. त्यांना वाटलं हा बाबांचा लाडका आहे, झोपताना घरी फोन करणारा. गॅरेजपुढची ती संध्याकाळ मी सांगितली नाही. डेल ट्रक चालवून घरी आला की तुला बाहेर आणायचा आणि म्हणायचा, एक पडल्याशिवाय झोपायचं नाही. तू चेंडू टाकत राहायचास, एक रिंगमधून पडला की "गुड नाईट, बाबा" म्हणून आत पळायचास. मग तो ट्रक बर्फावरून घसरला आणि डेल गेला. त्यानंतर तू टाकायचास आणि मी चेंडू उचलून द्यायचे. एकदा मी विचारलं, आता आधीच का म्हणतोस, पडायच्या आधी? तू नऊ वर्षांचा होतास. म्हणालास, "समजा पडलाच नाही, आणि मी म्हटलं नाही, तर बाबा जागेच राहतील ना, मावशी."

हे मला माहीत होतं. हे माहीत असणारी मी.

अजून एक आहे. पर्स पडली नव्हती. दुसऱ्या वेळी सगळा हॉल ओरडला असं मी लिहिलं होतं, त्यात मी होते. उभी राहून, हात तोंडाभोवती धरून. ऑर्व्हिलने वळून बघितलं ते मला तेव्हाही दिसलं होतं, म्हणून तर नंतर तो दारात आला. नऊ हजार लोक एकदम ओरडतात तेव्हा आपलं तोंड आपल्या ताब्यात राहत नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. पहिला हुकला तेव्हा तुझा चेहरा मला दिसला होता. मला कळलं होतं काय झालंय ते. तरी ओरडले. एक तर मला जिंकायचं होतं. आणि दुसरं, एप्रिलपासून तुझ्यावर जो राग धरून बसले होते तो मला तुझ्यावर काढायचा होता, आणि एवढ्या मोठ्या गर्दीत कुणाला कळणार नव्हतं.

दातांच्या दवाखान्यात मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगितलं. स्वतःचं मिटायचं मला कधी जमलं नाही. आणि जेव्हा उघडायला हवं होतं, हॅनासाठी, तेव्हा ते मी घट्ट मिटून बसले. वर तरुण मुलींच्या तोंडून निघून जातं असंही तुला लिहिलं. मला माझीच किळस आली आहे.

हॅनाला फोन कर. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल. चालेल म्हणजे मला सोसेल असं नाही, पण ते तू बघू नकोस. आधी तिला फोन कर.

लॉरेटा


२ मार्च, रविवार

ग्रेडी,

तुझं उत्तर आलं नाही, आणि मी ते मागत नाही. तू हॅनाला फोन केलास हे मात्र कळलं. तू पलीकडून नुसता रडत होतास, म्हणाली. तिने अजून तुला हो म्हटलेलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही लगेच म्हटलं नसतं. ती आता मंगळवारी माझ्याकडे येते. येते, बसते, चहा घेते. तुझा विषय आम्ही दोघी टाळतो आणि तुझ्याबद्दलच बोलतो.

टेसालाही जाऊन भेटले. डेलबद्दल सांगितलं. ती वसतिगृहाच्या पायरीवर मटकन बसली. "आजी, मला हे सांगायला हवं होतं तुम्ही," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर चिली नेली नाही, आणि कुणी विचारलंही नाही. टेसाने सांगून ठेवलं असावं.

काल तुमच्याकडे परतीचा सामना होता. मी येणार हे तुला कळवलं नव्हतं. आपलं तांबडं काही घातलं नाही, तुमचं हिरवंही नाही. करड्या कोटात अगदी वर, खांबाच्या आड बसले. तुमचा हॉल नवा आहे, गुबगुबीत खुर्च्या, डोक्यावर मोठमोठे पडदे. पाय आपटले तर आवाजच होत नाही. शेजारच्या बाईने आपणहून मला शेंगदाणे दिले आणि म्हणाली, "आमचा तो ग्रेडी बघा आता." आमचा म्हणाली. मी शेंगदाणे खाल्ले.

आमची पोरं बसने आली होती, कोपऱ्यात मूठभर. तू रेषेवर आलास की त्यांनी नेहमीचा गोंगाट केला, फुगे हलवले. बाकी काही नाही. टेसाचा फळा कोराच होता.

मी दुर्बीण आणली होती, आमच्या वडिलांची. खेळ बघितलाच नाही मी. तू रेषेवर आलास की तेवढी दुर्बीण डोळ्याला लावत होते. तू चेंडू तीनदा आपटायचास, टाकायचास. पडायचा. तू जितक्या वेळा रेषेवर आलास तितक्या वेळा पडला, एकही चुकला नाही. शेजारची बाई माझ्या दंडावर थोपटत होती. तुझे ओठ एकदाही हलले नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. तू जिंकलास, आम्ही हरलो, आणि आम्ही हरल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा काही वाटलं नाही. पण मी दुर्बीण खाली ठेवली आणि माझ्या मनात आलं, म्हणजे डेल आता जागा असेल.

निघताना मी कठड्यापाशी येऊन थांबले. तुला दिसेन इतक्या जवळ यायचं नव्हतं, गर्दीने ढकललं. तू आलास. घाम पुसत, कठड्याच्या त्या बाजूला उभा राहिलास. किती बारीक झालायस. मी माफी वगैरे मागणार होते, गाडीत पाठ करून आले होते. तोंडातून आलं भलतंच.

"आता काही म्हणत नाहीस का रे?"

तू रागावला नाहीस. रागावशील म्हणून मी कठडा धरून ठेवला होता. तू खाली बघत म्हणालास, "तिथे आता फार गर्दी असते, मावशी."

मग म्हणालास, "गाडी सांभाळून ने. रस्त्यावर बर्फ आहे." आणि आत गेलास.

मी सांभाळून नेली. सगळा रस्ताभर गाडीत रेडिओ लावला नाही. घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. गॅरेजपुढचा बर्फ फावड्याने काढला, पार रेषेपर्यंत. डेलने रंगवलेली ती रेषा फिकी झालीय, पण आहे.

आता हे लिहितेय ते यासाठी. वसंताच्या सुटीत तुला वाटलं तर ये. मला भेटायला नको, जेवायला नको, मला क्षमा करायला तर नकोच. नुसता गॅरेजपुढे ये. चेंडू दाराजवळच्या टोपलीत आहे, हवा भरून ठेवलीय. शेजारचे स्टकी लोक गाव सोडून गेले, समोरचं घर रिकामं आहे, त्या गल्लीत आता चिटपाखरू नसतं. मी खिडकीचा पडदा ओढून घेईन आणि मागच्या खोलीत जाऊन बसेन. तू काय म्हणतोस, म्हणतोस की नाही, ते मला ऐकू येणार नाही, आणि मी कधी विचारणार नाही.

तिथे कुणीसुद्धा नसेल. फक्त चेंडू तुझा तुलाच उचलावा लागेल.

लॉरेटा मावशी